पूर्वापार रूढीप्रमाणे

"ओळख द्यायला पोरीलाच घ्या की. ती कुठं काय बोलती!"

वकीलकाका पप्पांना हे सांगत होते तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या अलीकडे उभी होते. पप्पा हसले. म्हणाले, "बोलायचं सोडा, घरात हाय का न्हाई तेबी कळत न्हाई." मग मी आत गेले आणि कप ठेवले. वकीलकाका म्हणाले, "थँक्यू बेटा, हाउज युवर लॉ?" माझ्याशी ते नेहमी इंग्रजीत बोलतात, आणि तेवढंच इंग्रजी त्यांना येतं अशी माझी खात्री आहे. मी "गुड" म्हणाले आणि बाहेर आले. म्हणजे त्यांचं म्हणणं मीच खरं करून दाखवलं.

प्रकरण साधं होतं. आजोबा आदल्या वर्षी वारले आणि युसूफ वडगाव या गावच्या शेतावर वारस म्हणून पप्पांचं आणि आत्याचं, अशी दोघांची नावं लागली. पप्पांचं बीडमध्ये हार्डवेअरचं दुकान आहे. शेतात ते वर्षातून दोनदा जातात, तेही बूट न काढता. पण शेताशेजारचा रस्ता मोठा झाला होता आणि पप्पांना तिथं प्लॉट पाडायचे होते. त्यासाठी आत्याकडून हक्कसोडपत्र हवं होतं. माझा हिस्सा मी भावासाठी सोडला, असा दस्त. तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात तो नोंदवताना दोन माणसं लागतात, ही बाई तीच आहे हे सांगायला. त्यांना ओळखदार म्हणतात. एक ओळखदार वकीलकाकांचा कारकून. दुसरी मी.

तेव्हा मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आम्हाला इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास होता. शिकवणारे सर एका वहीतून नोट्स सांगायचे. वही इतकी जुनी होती की पानं उडून जाऊ नयेत म्हणून ते भर उन्हाळ्यात पंखा बंद करायला लावत. पंचाहत्तर मुलं घामाघूम होऊन लिहीत असायची, "इंग्लंडचे न्यायाधीश कायदा बनवत नाहीत. कायदा असतोच. ते तो फक्त शोधतात. फुलस्टॉप. खाली रेघ मारा, दरवर्षी येतं."

एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, शोधायच्या आधी त्यो कुठं होता?"

"लोकांच्या रूढीत."

"मंग लोकांना म्हाईतच होता की. यांनी शोधला कावून?"

"बस खाली बे. हे परीक्षेला येत न्हाई."

वर्ग हसला. तो मुलगाही हसत खाली बसला. परीक्षेत त्यानं "शोधतात" असंच लिहिलं असणार. मीही तेच लिहिलं.

इंग्रजी उतारा वाचायचा असला की सर मला उभं करत. "तू वाच गं, तुझं इंग्लिश मीडियम हाय." मी उभी राहून धडाधड वाचायचे, आवाज स्वच्छ लागायचा. दुसऱ्याचं वाक्य वाचायला मला कधीच भीती वाटली नाही. स्वतःचं वाक्य म्हणायची वेळ आली की मात्र तोंडात पापड विरघळल्यासारखं व्हायचं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की मावशा तोंडाला पदर लावून हसायच्या. मी दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग काढला होता.

कॉलेजच्या लायब्ररीत इंग्लंडच्या कायद्यावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते माझ्याआधी कोणी घरी नेलेलं नव्हतं, मागचा कागद कोरा होता. ते मी वाचत गेले आणि सरांच्या वहीपेक्षा त्या न्यायाधीशांचीच जास्त चीड येत गेली.

राजानं पाठवलेली ही मंडळी घोड्यावर बसून जिल्ह्याजिल्ह्यात फिरायची. दर मुलखाची रीत वेगळी होती. कुठं बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटत, कुठं ती धाकट्याला जायची. न्यायाधीश आले की गावची बारा माणसं उभी करायचे आणि विचारायचे, तुमच्याकडे काय चालतं? बारा माणसं म्हणजे बारा पुरुष, तेही जमीनवाले. जमीन कोणाची, हे जमीनवाल्यांना विचारायचं! मग हे लोक राजधानीत परतायचे आणि एकमेकांत बसून ठरवायचे की कोणती रीत राहील आणि कोणती जाईल. पटली नाही ती अवाजवी. पटली ती सगळ्या देशाची, सामाईक. आणि वर म्हणायचे, आम्ही काहीच केलं नाही, ते होतंच. असा चेहरा मी आमच्याकडच्या पंगतीत पाहिलेला आहे. स्वतःच्या हातानं दोन जास्तीचे लाडू पानात ओढायचे आणि म्हणायचं, वाढप्यानं वाढले.

रूढी जुनी असली पाहिजे, असाही त्यांचा नियम होता. किती जुनी, तर माणसाच्या आठवणीपलीकडची. मग आठवण कुठपर्यंत हेही ठरवून टाकलं. एक राजा गादीवर बसला ते वर्ष धरलं. त्याच्या मागचं ते आठवणीपलीकडचं, अलीकडचं सगळं उपरं. आठवणीला हद्द घालणारी माणसं मी पुस्तकात पहिल्यांदाच पाहिली.

शिवाय दरबाराची भाषा फ्रेंच, म्हणून त्यांचे वाद चालायचे ते मोडक्या फ्रेंचमध्ये. ज्या शेतकऱ्याच्या बांधाचं भांडण असेल तो शेजारी उभा राहून नुसता तोंडं बघायचा. तिथं मला वकीलकाकांचं "हाउज युवर लॉ" आठवलं आणि लायब्ररीत एकटीच हसले.

आत्या दस्ताच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे आली, खांद्याला एक पिशवी आणि पिशवीत माझ्यासाठी सीताफळं. जेवणं झाल्यावर पप्पा दुकानात गेले. मम्मी आडवी झाली. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो. माझ्या मांडीवर ते पुस्तक होतं.

"काय वाचती माय?"

आत्याला सही करता येते, वाचता येत नाही. चौथीत शाळा सुटली आणि नंतर सहीपुरती अक्षरं तेवढी हातात राहिली. मी तिला टाळायला "कायदा" म्हणाले. ती म्हणाली, "कशाचा?" मग मला सांगावं लागलं, आणि मराठीत सांगावं लागलं. ते मी कधीच केलेलं नव्हतं. मी म्हणाले, इंग्लंडात पूर्वी न्यायाधीशांनी असं धरलं होतं की लग्न झाल्यावर नवरा-बायको दोन माणसं राहत नाहीत, कायद्याच्या लेखी एकच होतात.

"कोणता एक?"

"नवरा."

आत्यानं मेथीची काडी मोडली आणि मोठ्यानं हसली. "म्हंजी आमच्यावाणीच की!"

आत्या आणि तिचा नवरा दर वर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जातात. उन्हाळा लागला की परत येतात. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. किती माणसं आली असं कोणी विचारत नाही, किती कोयते आले असं विचारतात.

"मी तोडती, मोळी बांधती, डोक्यावर घिऊन ट्रकात चढती, सैपाक करती," आत्या म्हणाली, "आन् कोयता एक. पर आमच्यात एकटा गडी आला तर त्योबी अर्धाच कोयता. तिकडं एकटा गडी?"

"पूर्ण."

"मंग त्यांच्यापक्षी आमचा मुकादम बरा."

एवढं चांगलं उत्तर आमच्या वर्गात वर्षभर कोणी दिलं नव्हतं. सरांनी ऐकलं असतं तर परीक्षेला येत नाही म्हणाले असते.

मग मी तिला पुस्तकातली आणखी एक गोष्ट सांगितली. बायकोच्या माहेरची जमीन विकायची असली की नवरा-बायको दोघांना कोर्टात जावं लागायचं, आणि तिथं न्यायाधीश नवऱ्याला बाजूला ठेवून बाईला एकटीला विचारायचे, तुझ्या मनानं देतेस का? कोणी जबरदस्ती केली का?

आत्याचा हात थांबला. "खरंच इचारायचे?"

"विचारायचे. पण पुढं नुसती पद्धत राहिली असणार. बाहेर नवरा उभा, घरी नवऱ्याबरोबरच जायचं. बाई हो म्हणणारच."

"म्हणना का. इचारायचे तर."

पालेभाजीची जुडी संपली. मग तिनं देठं गोळा करत, जणू देठांशीच बोलल्यासारखं सांगितलं की वडगावच्या शेतात विहिरीलगत एक तुकडा आहे, तिच्या आईनं तिथं भाजी केलेली तिला आठवते. तेवढ्या तुकड्यावर मेथी-कोथिंबीर केली आणि आठवडी बाजारात नेली तरी दोघांचं भागेल. "औंदा गेले नसते. कोयता भितीला टांगला असता. कंबर लई धरती आता."

"मग सही का करतेस?"

"सही न्हाई केली तर नागपंचमीला कुणाच्या दारात जाऊ?"

"म्हणजे तुला जमीन हवी आहे."

"मी कुठं मागायले? मागायचं दूरच, कुणी इचारलं बी न्हाई. दादाचा फोन आला, शुक्रवारी ये. वकिलानं इचारलं, अंगठा का सही. बस, एवढंच."

"आणि विचारलं तर?"

"इचारल्यावर सांगन," आत्या म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

मी तिथंच बसून राहिले. पप्पा दुकानातून आल्यावर त्यांना एकच वाक्य सांगायचं होतं, आत्याला एकदा विचारा. संध्याकाळी ते आले, त्यांनी आत्याशी हसत गप्पा मारल्या, तिच्या नातवाची चौकशी केली, तिच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. ते वाईट नाहीत. ते इतके चांगले वागत होते की माझं वाक्य तसंच राहिलं. त्या न्यायाधीशांवर हसणं सोपं होतं, ते मेलेले होते आणि माझ्या ताटात भाकरी वाढत नव्हते.

शुक्रवारी सकाळी आम्ही गाडीनं निघालो. वकीलकाका पुढं, आम्ही दोघी मागं. पप्पा आरशातून आत्याला म्हणाले, "काम झालं की येताना कपिलधार करू. लई दिवस झाले तुला दर्शन न्हाई." आत्याचा चेहरा खुलला. मला मात्र राग आला. आधी हिस्सा काढून घ्यायचा, मग देवाच्या पायावर डोकं ठेवायला न्यायचं आणि त्यालाही चांगुलपणात धरायचं.

रजिस्ट्री ऑफिससमोर दस्त लिहून देणाऱ्यांच्या पत्र्याच्या टपऱ्या आहेत. आमचा दस्तलेखक त्यातला सगळ्यात जुना. टपरीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि स्क्रीनला घातलेलं लोकरीचं, फुलं विणलेलं आवरण. त्यानं ते बाजूला केलं आणि एक फाइल उघडली. फाइलचं नाव होतं "बहीण". शेजारी "बहीण दोन", "बहीण विधवा" आणि "बहीण परगावची" अशाही फाइली होत्या. तो "बहीण"मध्ये आत्याचं नाव, गट नंबर आणि गावाचं नाव घालत गेला. बाकी मजकूर तयारच होता. पूर्वापार चालत आलेल्या रूढीप्रमाणे आमच्यात बहिणी माहेरच्या जमिनीत हिस्सा घेत नाहीत, सबब मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता...

"रूढीची ही ओळ लई वजनदार हाय तुमची," वकीलकाका त्याला म्हणाले.

दस्तलेखक खूश झाला. "मपलीच हाय ती. पहिलं नुसतं स्वखुशीनं लिवायचे. एक साहेब आलते, लई कडक. म्हणले, स्वखुशीनं कावून? कारण लिवा. मी म्हणलं, थांबा, आन् लिवलं, पूर्वापार रूढी. साहेब गप. मंग सगळ्यांनी मपलंच उचललं. आता तालुक्यात दुसरी ओळच न्हाई."

"कधीची गोष्ट?"

"झाली असतील धा-बारा वर्षं."

सगळे हसले. आमच्या घराण्याची पूर्वापार रूढी या पत्र्याखाली जन्मली होती, आणि ती माझ्यापेक्षाही लहान होती. पुस्तकातल्या त्या लोकांना निदान घोड्यावर बसून फिरावं लागलं होतं. यानं खुर्चीतून न उठता कायदा शोधला.

छापील पानं त्यानं माझ्या हातात दिली. "ताई, तुमचं नाव बरोबर हाय का बघा. शेवटच्या पानावर." मी शेवटचं पान पाहिलं, नाव बरोबर होतं. तिथंच वरती लिहिलं होतं, सदर दस्त मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे. म्हणून मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, माझ्या तिन्ही भावांनी माझे लग्न थाटामाटात करून दिलेले आहे.

आत्याला एकच भाऊ आहे. आधीच्या कुठल्या तरी बहिणीचे तीन भाऊ फाइलमध्ये तसेच राहून गेले होते.

मी पानं हातात धरून उभी राहिले. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दस्तलेखकानं "तिन्ही" खोडून "एक" केलं असतं, दोन मिनिटांचं काम, आणि दस्त निर्दोष झाला असता. पप्पा म्हणाले असते, बघा, पोरीचं शिक्षण कामाला आलं. तेवढ्यात वकीलकाकांनी पानं माझ्या हातातून घेतली. "झालं ना बेटा? ओके?" मी मान डोलवली. आत्या टपरीबाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या सहीसाठी खुणा केलेल्या जागा कारकुनानं तिला बोटानं दाखवल्या आणि तिनं सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत, सगळ्या पानांवर सह्या केल्या. तीन भाऊ असलेल्या पानावरही केली.

आत ऑफिसात आमचा नंबर यायला दोन तास लागले. मग आम्ही सगळे एका टेबलापुढे दाटीनं उभे राहिलो. कॉम्प्युटरवरचा माणूस आत्याला म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याकडं बघा. पदर जरा मागं घ्या." आत्यानं पदर मागं घेतला आणि कॅमेऱ्याऐवजी पप्पांकडे पाहिलं. फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला. मशीनवर तिचा अंगठा उठेना. कोयत्यानं आणि उसाच्या पाचटानं तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. त्यानं तिला बोट पुसायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. चौथ्यांदा उठला.

दस्त नोंदवणारे साहेब तरुण होते. सकाळपासून त्यांनी किती दस्त पाहिले असतील कोण जाणे. दस्त पुढ्यात ओढून त्यांनी वर न बघताच विचारलं, "हा दस्त तुम्ही करून दिला? वाचून दाखवला का?"

"हो साहेब," वकीलकाका म्हणाले.

"हो, दाखवला," पप्पा म्हणाले.

"हो," कारकून म्हणाला. आत्याचं उत्तर तिघांनी मिळून देऊन टाकलं. आत्यानं मान हलवली, पण उभी की आडवी हे मलाही सांगता आलं नाही.

साहेबांनी कारकुनाला विचारलं, ओळखता यांना? तो हो म्हणाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढ्या वेळात पहिल्यांदाच वर बघून. "तुम्ही? तुम्ही ओळखता?"

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. त्यासाठीच मला आणलं होतं, मी एवढंच म्हणेन अशी सगळ्यांची खात्री होती, आणि तो शब्द माझ्या जिभेवर तयारही होता. वकीलकाका दस्ताची प्रत पिशवीत घालायला लागलेच होते. आत्या माझ्याकडे बघत होती, काल "खरंच इचारायचे?" म्हणताना बघत होती तशी. माझं स्वतःचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्यांचं होतं, त्या घोड्यावरून फिरणाऱ्या, बारा पुरुषांना विचारून मोकळं होणाऱ्या ढोंगी लोकांचं. दुसऱ्याचं वाक्य मला येतं. मी वर्गात वाचते तशी सरळ उभी राहिले आणि आवाज स्वच्छ लागला.

"ओळखते. ही माझी आत्या आहे. हिला एकच भाऊ आहे आणि दस्तात तीन लिहिलेत, कारण तो हिला कोणी वाचून दाखवलेला नाही. साहेब, आधी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढा, आणि मग हिला एकटीला विचारा."